बेचाळीस पावलांचं बेट

बसा इथं माझ्याजवळ, बाकाची ती कड ओली आहे. बोट सुटायला अजून अवकाश आहे, आणि नुसतं पाण्याकडे बघत बसलं की माणसाला उगाच आपल्या चुका आठवतात. त्यापेक्षा एक गोष्ट ऐका. एका खडकाची आहे. आता त्याला खडक म्हणायचं नाही, सरकारी आदेश आहे तसा. पण गोष्ट सुरू झाली तेव्हा तो खडकच होता, म्हणून सुरुवातीला चार वेळा म्हणून घेतो.

किनाऱ्यापासून बोटीनं चार तास. या टोकापासून त्या टोकापर्यंत बेचाळीस पावलं, ओहोटीला पन्नास. मधोमध दीपगृह, त्याच्या पायाशी एक खोली, खोलीत एक माणूस. त्याला सगळे बत्तीवाला म्हणायचे. एकतीस वर्षं त्यानं तिथली बत्ती सांभाळली. त्यातली शेवटची आठ वर्षं बत्ती आपली आपणच पेटायची आणि विझायची, कारण उन्हावर चालणारी नवी यंत्रणा बसवली होती. पण यंत्रणा नीट चालते का ते बघायला माणूस लागतो, आणि माणूस नीट बघतो का ते बघायला कार्यालय लागतं. म्हणून कुणाचीच नोकरी गेली नाही.

बायको इकडे गावात, दोन खोल्यांच्या घरात. वर्षातून चार रजा, दर रजेला बारा दिवस. लग्नाला एकतीस वर्षं झाली खरी, पण एकत्र राहिलेले दिवस जोडले तर संसार चार वर्षांचा. ती त्यालाच म्हणायची, "अहो, आपलं अजून नवीनच आहे."

रिटायर व्हायला आठवडा राहिला तेव्हा वायरलेसवर दोघांचं बोलणं झालं.

"भिंतीकडची बाजू तुमची, खिडकीकडची माझी. आत्ताच सांगून ठेवते, आल्यावर वाद नको."

"मी घोरतो म्हणे."

"घोरता की नाही तेच मला आठवत नाही. ही काय बाईमाणसाची अवस्था झाली का? या आता कायमचे."

"येतो. पेटी भरून ठेवलीय."

शेवटच्या दिवशी त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि पेटीवर बसून बोटीची वाट बघत राहिला. बोट आली. बोटीत नेहमीचा बोटवाला होता. त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल गुंडाळलेले एक साहेब होते, आणि काळ्या कोटावर नारिंगी जॅकेट बांधलेल्या एक वकीलबाई.

"निरोप द्यायला एवढी माणसं?" बत्तीवाला म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

"निरोपाचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "शेजारच्या देशानं मोठ्या न्यायालयात दावा लावलाय. त्यांचं म्हणणं आहे, हा खडक आहे."

"खडकच आहे की."

वकीलबाईंनी हात वर केला. "हे वाक्य मी ऐकलेलं नाही. साहेब, तुम्हीही ऐकलेलं नाही. हे बेट आहे."

मग बाईंनी त्याला पेटीवरच बसवून समजावलं. समुद्राचा कायदा असा आहे की पाण्याबाहेर आलेला नुसता खडक असेल, तर त्याच्याभोवतीचं बारा मैल पाणी तुमचं. पण त्यावर माणसाला राहता येत असेल, आपल्या हिमतीवर पोट भरता येत असेल, तर ते बेट. मग दोनशे मैल. पाणी तुमचं, पाण्यातले मासे तुमचे, आणि तळाशी जे काही असेल तेही तुमचं.

"तळाशी काय आहे?"

"बटाट्याएवढे गोळे," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, जणू गोळे ऐकतील. "आत धातू असतो. मोबाईलच्या बॅटरीला लागतो. कंपन्या रांगेत उभ्या आहेत. खाली वायूही आहे."

"मग माझा काय संबंध?"

बाईंनी फाईल उघडली. आत त्याच्याच अक्षरातले कागद होते, एकतीस वर्षांचे.

आता हे कागद कसले, ते सांगायला हवं. दर महिन्याला बत्तीवाल्याला एक विवरणपत्र भरून पाठवावं लागायचं. ते छापलं होतं सगळ्या सरकारी चौक्यांसाठी, मग ती जंगलातली असो, घाटातली असो की समुद्रातली. रकाने होते शेती, पशुधन, व्यापार, आरोग्य, शिक्षण, करमणूक. पहिल्या वर्षी त्यानं सगळीकडे रेघ मारून पाठवलं. ते परत आलं. कारकुनानं लाल शाईनं शेरा मारला होता: 'रकाना कोरा ठेवू नये.' त्यानं 'काही नाही' लिहिलं, तेही परत आलं. आणि विवरणपत्र मंजूर होईपर्यंत रजा मंजूर होत नसे. घरी जायचं होतं बिचाऱ्याला, म्हणून तो लिहायला लागला. शेती: टोमॅटो, रोप एक, तेलाच्या डब्यात. पशुधन: कोंबडी, एक. व्यापार: बोटवाल्याला अंडं देऊन काडेपेटी घेतली. आरोग्य: मलमपट्टीचा डबा, चालू स्थितीत. शिक्षण: कोंबडी हाक मारल्यावर येते. करमणूक: कोंबडी हाक मारल्यावर येत नाही.

रजा मंजूर व्हायच्या. कारकून खूश, बत्तीवाला खूश.

"बेटावर शेती आहे, पशुधन आहे, विदेशी, माफ करा, बाहेरच्या जगाशी व्यापार आहे," बाई वाचत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वाऱ्यानं असेल. "आरोग्य केंद्र आहे. एकतीस वर्षांचा अखंड पुरावा. असा पुरावा जगात कुणाकडे नाही. तुम्ही गेलात तर मात्र सगळं संपलं. माणूस राहू शकतो, हे माणूस राहिल्याशिवाय कसं सिद्ध करणार?"

"पण मी आज रिटायर झालो."

"झालातच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पगारी नोकर वस्तीत धरत नाहीत, असा मागे निकाल झालाय. स्वखुशीनं राहणारा साधा नागरिक हवा." साहेबांनी तिथल्या तिथं त्याच्या हातात निवृत्तीचं पत्र दिलं, हात मिळवला, आणि म्हणाले, "आता तुम्ही तुमच्या मर्जीचे मालक."

"माझी मर्जी घरी जायची आहे."

"मर्जीची नोंद आधीच झालीय," साहेब म्हणाले, आणि बोटीत चढले. पेटी तिथंच राहिली. पेटीवर बत्तीवाला राहिला.

पहिली अडचण आली जेवणाची. बाहेरून शिधा आला तर बेट आपल्या हिमतीवर पोट भरत नाही असं ठरेल, म्हणून बाईंनी शिध्याची बोट बंद करवली. बत्तीवाला चार दिवस टोमॅटो आणि मासे खाऊन राहिला. पाचव्या दिवशी त्यानं कोंबडीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. हे वायरलेसवर कळताच कार्यालयात धावपळ उडाली, कारण पशुधन शंभर टक्के नष्ट व्हायची वेळ आली होती. तातडीची बैठक बसली आणि तोडगा निघाला. दर मंगळवारी बोट खडकाजवळ रस्ता चुकायला लागली. चुकून तिचं वजन जास्त भरायचं, म्हणून एक पोतं उतरवून ती परत फिरायची. बोटवाल्याला दर मंगळवारी रस्ता चुकल्याबद्दल लेखी समज मिळायची, आणि बुधवारी पुढच्या मंगळवारचं डिझेल.

"दादा, बावीस वर्षं बोट चालवतो," बोटवाला पोतं उतरवताना म्हणायचा. "वाट चुकण्यात एवढा नियमित माणूस दुसरा नसेल."

"घरी काय म्हणते?"

"वहिनी? परवा कार्यालयात गेल्या होत्या. साहेब टेबलाखाली काहीतरी शोधत होते म्हणे, अर्धा तास."

दुसरी अडचण वकीलबाईंना सापडली. कायद्यात 'वस्ती' असा शब्द होता. एक माणूस म्हणजे माणूस झाला, वस्ती नाही झाली. त्या विचारात पडल्या असतानाच पुढच्या मंगळवारी वाट चुकलेल्या बोटीतून बत्तीवाल्याची बायको खडकावर उतरली.

ती नवऱ्याला न्यायला आली होती. कमरेला पदर खोचलेला, हातात छत्री, चेहरा असा की लाटांनीही जरा बाजूला व्हावं. उतरताना साहेबांनी पाठवलेल्या वहीत बोटवाल्यानं तिची सही घेतली. रकाना एकच होता: आगमन. जाण्याचा रकाना वहीत छापलाच नव्हता.

"चला," ती म्हणाली. "पेटी उचला."

"अगं, मी गेलो तर दोनशे मैल समुद्र जातो म्हणे."

"जाऊ दे. तुम्ही पोहता तरी का त्यात?"

"देशाचं काम आहे."

"माझंही एक काम होतं. खिडकीला पडदा शिवला, भिंतीकडे उशी ठेवली. ते कुठल्या न्यायालयात सांगू?"

वायरलेस चालूच राहिला होता, हे सगळं कार्यालयात ऐकू जात होतं. वकीलबाई भराभर लिहून घेत होत्या. लोकसंख्येत दुपटीनं वाढ. कुटुंबव्यवस्था अस्तित्वात. स्थानिक प्रश्नांवर मोकळेपणानं चर्चा होते. साहेबांनी ताबडतोब बोटवाल्याला हुकूम सोडला: येताना माणसं चालतील, जाताना नाहीत. लोकसंख्या एकदम निम्म्यावर आली तर ते दुष्काळाचं लक्षण ठरतं.

बोटवाला मान खाली घालून निघाला. बायकोनं छत्री उगारली, मग मिटली, आणि पेटीवर नवऱ्याच्या शेजारी बसली.

"घोरता हो तुम्ही," दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली.

"वाईट?"

"ऐकू येतं तेवढं बरं आहे. समुद्र काय कमी ओरडतो?"

अकरा महिने गेले असे. खटला लांब कुठल्या तरी शहरात चालला होता. त्यातले तीन दिवस एकट्या कोंबडीवर गेले. शेजारच्या देशाच्या वकिलांचं म्हणणं होतं की कोंबडी बोटीनं आली, म्हणजे ती आयात. बाईंनी उत्तर दिलं की कोंबडी आली असेल, पण अंडं इथलंच आहे. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून कोंबडीवरचा निर्णय राखून ठेवला.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र खरोखर होत होती. पाणी चढत होतं. मोठ्या भरतीला लाटा खोलीच्या उंबऱ्यावर यायला लागल्या. बेचाळीस पावलांची अडतीस झाली. बत्तीवाल्यानं वायरलेसवर कळवलं, तर साहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत ओल आल्याचं कृपया कळवू नका. पावलं मोजूच नका. मोजल्यानंच कमी होतात."

मग न्यायाधीश स्वतः पाहणीला आले. मोठं पांढरं जहाज, डेकवर खुर्च्या मांडलेल्या. दोन्ही देशांचे वकील टाय सावरत उभे. समुद्र खवळलेला होता, जहाज खडकाला लागेना. शेवटी न्यायाधीशांनी लांबूनच भोंग्यातून विचारलं, "आपण इथं स्वखुशीनं राहता का?"

बत्तीवाल्यानं वकीलबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानं बायकोकडे बघितलं.

बायको गुडघाभर पाण्यात उभी होती, एका काखेत कोंबडी. तिनं तोंडाजवळ हात धरला आणि जे खरं होतं ते सांगून टाकलं. "इथं कुणी राहू शकत नाही, साहेब. हा खडक आहे. प्यायला पाणी नाही, दवाखाना नाही, खोलीत मासे फिरतात. गेले अकरा महिने आमचं कुणी ऐकत नाही. अर्ज केले, उत्तर नाही. आम्हाला घरी न्या."

शेजारच्या देशाचे वकील एकमेकांचे हात दाबायला लागले. आपले साहेब रेलिंगला धरून खाली बसले. खटला संपला होता.

पण वकीलबाई हो. त्या उठल्या, कोट नीट केला आणि म्हणाल्या, "न्यायालयानं स्वतः ऐकलं. या बाईंनी पाण्याबद्दल तक्रार केली, दवाखान्याबद्दल केली, अर्जाला उत्तर येत नाही म्हणून केली. महाराज, निर्जन खडकावर तक्रार कोण करतं? जिथं नागरी जीवन आहे तिथंच गैरसोय असते. कार्यालय दाद देत नाही, याहून वस्तीचा मोठा पुरावा जगात कुठला आहे?"

न्यायाधीश सात होते, सात देशांचे. सातही जणांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला आपापलं गाव आठवलं असणार.

निकाल एकमतानं लागला. खडक हे बेट आहे. दोनशे मैल आपले.

त्यात आणखी एक भर पडली. आता जगात नवा विचार रुजतोय की किनारा नकाशावर एकदा नोंदवला की तिथंच राहतो, पुढे पाणी कितीही वर येवो. हा विचार खरं तर बुडत चाललेल्या लहान, गरीब देशांसाठी आहे. चांगला आहे. जमीन गेली तरी निदान समुद्र त्यांच्याकडे राहावा. पण चांगल्या छत्रीखाली कोणकोण येऊन उभं राहतं, ते कधीतरी बघा. आपल्या साहेबांनी त्याच आठवड्यात बेटाची नोंद करून टाकली, निकालाच्या कागदात होतं तसंच: लांबी बेचाळीस पावलं, शेती, पशुधन, आरोग्य केंद्र, लोकसंख्या दोन. कायमची नोंद.

"आता तुम्ही बुडालात तरी चालेल," साहेब वायरलेसवर आनंदानं म्हणाले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही येऊ शकता."

ती दोघं आली. पेटी आली, कोंबडी आली. तीन महिन्यांत खोली पाण्याखाली गेली. आज ओहोटीलाही नुसता बत्तीचा खांब दिसतो.

गोष्ट इथं संपली असती तर मीही इथंच थांबलो असतो. पण बत्तीवाल्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर कारकुनानं त्याचं नाव बघितलं आणि कागद परत सरकवला.

"तुम्ही बेटावरचे. तुमचं आरोग्य केंद्र तिकडे आहे."

"तो मलमपट्टीचा डबा होता," बत्तीवाला म्हणाला.

"नोंदीत केंद्र आहे. चालू स्थितीत. तुमचंच अक्षर आहे."

"मग नाव इकडे चढवा," बायको म्हणाली. "माझं घर इथं आहे. एकतीस वर्षं मी इथं राहिले."

"राहिला असाल. पण मग तुम्ही बेटावर गेलात. ही तुमची आगमनाची सही. तुमची नावं तिथून काढली तर लोकसंख्या शून्य होते. मग शेजारचा देश उद्याच दावा लावेल."

"बेट बुडालंय हो."

"बुडालंय म्हणायचं नाही, बाई. पाणी वर आलंय."

ती साहेबांकडे गेली. या वेळी साहेब टेबलाखाली गेले नाहीत, उभे राहिले, खुर्ची दिली. माणूस वाईट नाही हो. त्यांनी स्वतः खटपट करून दोघांसाठी खास सोय मंजूर करून घेतली: पाहुण्याचा परवाना. बेटवासीयांना गावात पाहुणे म्हणून तीस दिवस राहता येईल. तीस दिवस झाले की परत बेटावर जायचं, निदान एक दिवस, आणि नवा परवाना घेऊन यायचं. परवान्यावर गावातल्या एका रहिवाशाची यजमान म्हणून सही लागते.

तर गेली दोन वर्षं असं चाललंय. ती बाई आपल्या स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून राहते. पडदा तिनंच शिवलेला, भिंतीकडच्या बाजूला नवरा घोरतोय, आणि दाराच्या आत परवाना चिकटवलेला. एकतिसाव्या दिवशी दोघं बोटीत बसतात, चार तासांनी बोट त्यांना छोट्या होडीत उतरवून पुढे जाते, मग दोघं खांबाला होडी बांधतात आणि दिवसभर आपल्या खोलीच्या वर तरंगत बसतात. ती डबा नेते. तो पाण्यात वाकून काहीतरी बघत असतो. डोळ्यानं दिसत नाही, तरी बघतो. मग परत येतात.

ती बघा, धक्क्याच्या टोकाला उभी आहेत. छत्रीवाली ती, आणि तिचा हात धरून उभा तो. आज त्यांचा एकतिसावा दिवस.

हा कागद त्यांचाच आहे. यजमानाची सही राहिलीय. मी करून चुकलोय, एका माणसाला एकदाच करता येते. गावातले बरेच जण करून झालेत, आणि बरेच जण रस्ता बदलतात. खाली फक्त एवढंच लिहिलंय, की सदर इसम बेटावर सुखानं राहतात हे मला ठाऊक आहे.

नको? बरं, राहू दे. खोटं लिहायचं तुमच्या जिवावर येत असेल, समजतं मला. पण निकालाच्या दिवशी चौकात मोठा पडदा लावला होता, आणि 'दोनशे मैल आपले' म्हटल्यावर अख्खं गाव टाळ्या वाजवत उठलं होतं. तुम्ही माझ्या पुढच्याच रांगेत होता. तुम्ही तर खुर्चीवर चढला होता. तेव्हा आपल्यापैकी कुणी विचारलं नाही की तिथं राहतंय कोण.

तर सही नाही, दुसरं एक करा. बोटीत ती दोघं तुमच्यासमोरच बसतील. माणूस बोलायला काहीतरी शोधतो, तोंडातून सहज निघून जातं. एवढंच करा माझ्यासाठी: तिला 'किती दिवस मुक्काम?' असं विचारू नका.